बंड्या गेला, चिंगी राहिली: पुण्याहून जर्मनीला गेलेल्या एका घराचे प्रकरण

पार्श्वभूमी

सिंहगड रस्त्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. निखिल वाहनउद्योगात अभियंता, स्वाती बँकेत नोकरीला, मुलगी इरा १० वर्षांची आणि निखिलची आई ७१ वर्षांची. नावे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात सगळे क्रमावरच अडले होते.

घरात दोन जनावरे. बंड्या हा देशी कुत्रा, वय ८, वजन २१ किलो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिल्लू असताना सापडलेला. फटाके आणि शटरचा आवाज यांना प्रचंड घाबरणारा, एरवी शहाणा. चिंगी ही मांजर, वय ११, साडेतीन किलोची. तिच्या मूत्रपिंडाचा आजार आम्हाला वर्षभरापूर्वी लक्षात आला होता. मूत्रपिंडे किती काम करतात ते दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन १.९ होते, म्हणजे आजाराची दुसरी पायरी. आहार बदलून आणि पाणी जास्त पोटात जाईल अशी सोय करून ती बरी चालली होती. दोघांची डॉक्टर मी.

फेब्रुवारी २०२३ मध्ये निखिलला स्टुटगार्टच्या एका कंपनीकडून नोकरी आली. १ जूनला रुजू व्हायचे ठरले. मार्चच्या मध्यावर स्वाती दोघांना घेऊन दवाखान्यात आली आणि म्हणाली, "डॉक्टर, यांचे पेपर करायचेत. मेच्या शेवटी निघतोय सगळे."

मेअखेर हे होणे शक्य नव्हते. तिथून हे प्रकरण सुरू झाले.

अडचण कुठे होती

रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघ देशांची यादी ठेवतो. भारत त्या यादीत नाही. यादीबाहेरच्या देशातून कुत्रा किंवा मांजर आणायचे तर पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. आधी १५ अंकी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखचिप. चिप बसल्यानंतर, किंवा त्याच दिवशी पण चिपच्या मागून, रेबीजची लस. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, तोही संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच तपासलेला. प्रतिपिंडांचे (अँटीबॉडीजचे) प्रमाण, म्हणजे टायटर, मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरले पाहिजे. आणि मग नमुना घेतल्याच्या तारखेपासून पूर्ण ३ महिने थांबायचे.

या तीन महिन्यांवर लोक सर्वात जास्त चिडतात. रिपोर्ट चांगला आला, मग आता कशाला थांबायचे? कारण असे आहे. लस घेण्याआधीच जनावराला रेबीजची लागण झालेली असेल तर लस त्याला वाचवत नाही, आणि रोग शरीरात आठवडे, कधी महिने, दबा धरून राहतो. चांगला टायटर एवढेच सांगतो की लस लागू पडली. जनावर निरोगी आहे हे सांगायला काळच जावा लागतो. हे समजावून सांगितले की माणसे निदान यंत्रणेशी भांडत बसत नाहीत.

बंड्याला आठ वर्षे दरवर्षी न चुकता लस दिलेली होती. पुस्तकात सगळे शिक्के होते. पण चिप नव्हती, म्हणून या कामासाठी त्यातली एकही लस धरली जाणार नव्हती. चिंगीचेही तेच. स्वाती खुर्चीत बसून पुस्तकाची पाने उलटत राहिली. इतकी वर्षे सगळे नीट केलेल्या बाईला "हे मोजले जाणार नाही" असे सांगणे मला जड गेले.

त्याच दिवशी दोघांना चिप आणि त्यानंतर लस दिली तर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात रक्त घेता येणार होते, आणि जुलैचा तिसरा आठवडा ही निघण्याची सर्वात लवकरची तारीख. निखिलची रुजू तारीख १ जून. मधले सात-आठ आठवडे कुठे बसवायचे, हा खरा प्रश्न होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, रुजू तारीख पुढे ढकलायची. निखिलने विचारून पाहिले, पण करारावर सही झालेली होती आणि प्रकल्प जूनमध्ये सुरू व्हायचा होता. स्थलांतराच्या खर्चात कंपनी फर्निचरची वाहतूक देत होती, पाळीव प्राण्यांची नाही. हा प्रश्न सहीच्या आधी विचारला असता तर काय उत्तर मिळाले असते, हे आता सांगता येत नाही. पण त्या वेळी उमेदवाराच्या शब्दाला वजन असते, एवढे खरे.

दुसरा पर्याय, सगळ्यांनी मेमध्ये जायचे, जनावरे आजीकडे ठेवायची आणि नंतर एखाद्या एजन्सीमार्फत कार्गोने मागवायची. वरवर हा सोपा वाटतो. यात एक खाच आहे. मालकाच्या प्रवासाच्या आगेमागे ५ दिवसांच्या आत जनावर पोचले तरच तो प्रवास खासगी धरला जातो. त्यापलीकडे गेले की व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात, दाखला वेगळा आणि सोपस्कारही वेगळे. शिवाय बंड्याने घरच्या कुणाशिवाय प्रवास करावा हे मला पटत नव्हते.

तिसरा, निखिलने एकट्याने पुढे जायचे आणि स्वाती-इराने जुलैअखेर जनावरांसह निघायचे. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या शाळा उन्हाळी सुटीनंतर सप्टेंबरमध्ये उघडतात, म्हणजे इराचे नुकसान नव्हते. दोन महिन्यांचा भार मात्र सगळा स्वातीवर.

चौथा पर्याय कुणी मोठ्याने म्हणत नव्हते. नातेवाईक म्हणाले: द्या की कुणाला तरी. आठ वर्षांच्या देशी कुत्र्याला पुण्यात नवे घर मिळणे किती अवघड आहे हे मला रोज दिसते, त्यामुळे मी तो पर्याय स्पष्ट शब्दांत बाजूला काढला. डॉक्टरने इथे तटस्थ राहावे असे म्हणणारे असतील. मला ते मान्य नाही.

पहिला निर्णय: कागद कुणाच्या नावावर

लसीकरणाचे जुने पुस्तक निखिलच्या नावावर होते. चिपची नोंद करताना मी विचारले, "याच्याबरोबर विमानात कोण बसणार?" तोवर तिसरा पर्याय नक्की झाला नव्हता. तरी आम्ही चिप, लस आणि पुढचे सगळे कागद स्वातीच्या नावावर केले. निखिल जूनमध्ये गेला असता आणि मालक म्हणून त्याचेच नाव राहिले असते, तर जुलैअखेरचा प्रवास ५ दिवसांच्या नियमात बसला नसता. दोन मिनिटांचे काम होते. पुढे तिसरा पर्याय निवडता आला तो यामुळेच.

दुसरा निर्णय: दोघांचेही कागद करायचे, ठरवायचे नंतर

चिंगीला न्यायचे की नाही यावर घरात दोन तट होते. निखिलला वाटे, आजारी मांजर आहे, तिचा खर्च कशाला. इराला दुसरी शक्यताच मान्य नव्हती. मी सुचवले की चिप, लस आणि टायटर दोघांचेही करून टाका. रेबीजच्या पुढच्या लसी वेळेवर देत राहिले तर हा टायटर पुन्हा करावा लागत नाही. म्हणजे आज पैसे भरले तर दार उघडे राहते, आणि मे महिन्यात घाईत ठरवलेले काही कायमचे होऊन बसत नाही.

एप्रिलमध्ये रक्त घेतले, नमुने परदेशी प्रयोगशाळेत गेले. बंड्याचा टायटर भरपूर आला. वर्षानुवर्षे लस घेतलेल्या कुत्र्याचा येतोच. जुन्या लसी कागदावर धरल्या गेल्या नाहीत, पण शरीराने त्या धरल्या होत्या. चिंगीचाही पुरेसा आला.

मात्र बंड्याच्या रिपोर्टवर चिप क्रमांकातले दोन अंक उलटसुलट पडले होते. नमुना पाठवणाऱ्या मध्यस्थाच्या अर्जात ती चूक झाली होती. स्वातीने रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी स्कॅनरचा फोटो शेजारी ठेवून एकेक अंक ताडून पाहिला, म्हणून ती सापडली. दुरुस्त रिपोर्ट यायला जवळजवळ दोन आठवडे लागले. हेच फ्रँकफर्टच्या विमानतळावर उतरल्यावर उघडकीस आले असते तर? कागद जुळत नसलेल्या जनावराला परत पाठवणे, मालकाच्या खर्चाने वेगळे ठेवणे आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून मारणे, असे तिन्ही अधिकार तिथल्या यंत्रणेला आहेत. चिप क्रमांक दोघांनी, एकाने वाचून आणि दुसऱ्याने ऐकून, ताडावा असे मी आता प्रत्येक घराला सांगते.

तिसरा निर्णय: चिंगी

या प्रकरणात सर्वात जास्त वेळ इथे गेला, आणि जायलाच हवा होता.

नेण्याच्या बाजूने बरेच काही होते. पिशवीसह ८ किलोच्या आतली मांजर अनेक विमान कंपन्या केबिनमध्ये नेऊ देतात. म्हणजे चिंगी स्वातीच्या पायाशी बसून गेली असती. कागद तयार होते. इरा तिच्याबरोबर वाढली होती.

विरुद्ध बाजूला तिची मूत्रपिंडे होती. पुण्यातून निघाल्यापासून स्टुटगार्टच्या घरात पोचेपर्यंत २० तासांच्या वर वेळ जाणार होता आणि त्यात ती पाणी पिणार नाही हे जवळपास नक्की होते. त्याहून मोठी भीती पोचल्यानंतरची. मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. निखिलने तिथे तात्पुरते घर घेतले होते, म्हणजे दोन-तीन महिन्यांत पुन्हा बिऱ्हाड हलणार होते.

अंदाजावर निर्णय घ्यायची गरज पडली नाही, कारण जुना केसपेपर होता. आदल्या वर्षी घराला रंग द्यायचा म्हणून चिंगीला चार दिवस स्वातीच्या बहिणीकडे औंधला ठेवले होते. तिसऱ्या दिवशी तिला माझ्याकडे आणावे लागले. पलंगाखालून बाहेर येत नव्हती, काही खाल्ले नव्हते, सलाइन द्यावे लागले. शहर तेच, हवा तीच, ओळखीची माणसे. केवळ घर बदलले, तर ही अवस्था.

मी तो कागद स्वाती आणि आजींसमोर ठेवला. आजी जर्मनीला जाणार नव्हत्या, फ्लॅट तसाच राहणार होता, आणि चिंगी गेली काही वर्षे झोपत होती ती आजींच्याच उशाशी. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला सोबत म्हणून ठेवत असाल तर ठेवू नका. तिचं भलं त्यात असेल तर मी सगळं करीन. पण रात्री काही झालं तर मी कुणाला फोन करू, ते आधी सांगा."

या प्रश्नाने चर्चेला वळण लावले. तोवर सगळे चिंगीचे काय करायचे ते बोलत होते, चिंगीबरोबर राहणाऱ्या माणसाचे कुणी बोलले नव्हते. आम्ही एक पान तयार केले: रोजचा आहार, कुठली लक्षणे दिसली तर त्याच दिवशी फोन, रात्रीच्या दवाखान्याचा नंबर, गाडी घेऊन येणारा खालच्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा, दर महिन्याला वजन करायला घरी येणारा आमचा कंपाउंडर. आणि सर्वात अवघड ओळ: तिला त्रासातून सोडवायची वेळ आली तर निर्णय कुणाचा. स्वातीने लिहून दिले की आजींचा. आजींनी ते मान्य केले नाही. एकटीवर हे नको म्हणाल्या. शेवटी असे ठरले की आधी स्वातीला फोन, ती मिळाली नाही तर माझे मत आणि आजींची संमती. पान फ्रिजवर लावले.

चिंगी राहणार, हे जूनमध्ये पक्के झाले.

तयारी

बंड्याच्या पिंजऱ्यासाठी दुकानदार वजनावरून माप सांगत होता. विमान वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम वजन बघत नाहीत, शरीराची मापे बघतात. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी अधिक पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग, ही पिंजऱ्याची लांबी. खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट, ही रुंदी. उभा असताना डोके किंवा कान, जे वर असेल तिथपर्यंत, अधिक अंथरुणाची जाडी, ही उंची. बंड्याचे हिशेब ९० सेंटीमीटर लांबीला आले. दुकानदाराने दाखवलेला पिंजरा त्याहून बराच आखूड होता आणि काउंटरवरून परत आला असता.

पिंजरा एप्रिलमध्येच घरात आला. पहिला महिना दाराशिवाय, आत जेवण. मग दार लावून पाच मिनिटे, मग दुपारची झोप, मग रात्र, मग पिंजऱ्यासकट गाडीतून कात्रजपर्यंत फेरी. जूनअखेर बंड्या सांगितले नाही तरी त्यात जाऊन झोपायला लागला. बंद शटरला घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी ही मोठी मजल होती.

झोपेची गोळी द्या, असा सल्ला नातेवाइकांकडून रोज येत होता. मी ठामपणे नाही म्हटले. गुंगीतल्या कुत्र्याला पिंजऱ्यात तोल सावरता येत नाही, रक्तदाब उतरतो, श्वास आणि शरीराचे तापमान बिघडू शकते, आणि सामानकक्षात त्याला बघायला कुणी नसते. बहुतेक विमान कंपन्याही गुंगी दिलेले जनावर घेत नाहीत.

जूनमध्ये खोके भरायला लागले तसा बंड्या पुढचे पंजे चाटून लाल करायला लागला. स्वातीने मग सामान बांधणे एकाच खोलीत, दार लावून सुरू केले, आणि त्याची कोपऱ्यातली गादी निघण्याच्या दिवसापर्यंत हलवली नाही. पंजे सुधारले. स्वातीची झोप मात्र सुधारली नाही. राजीनामा, इराची शाळा, सासूबाईंची औषधे, व्हिसा आणि बंड्याचे कागद हे सगळे एकटीच्या डोक्यावर होते. मला तिचे मेसेज रात्री उशिरा येत, बहुतेक एकाच कागदाबद्दल पुन्हापुन्हा. एका रविवारी तिच्या बहिणीने सगळ्या कागदांची फाइल स्वतःकडे घेतली आणि दर दोन दिवसांनी तिला फक्त "पुढचे काम कोणते" एवढेच सांगायचे ठरवले. औषधाच्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा याने जास्त काम केले.

प्रवास

युरोपीय संघाचा आरोग्य दाखला सरकारी पशुवैद्यकाच्या सहीने मिळतो आणि त्या तारखेपासून १० दिवसांत तिथे पोचावे लागते. तो मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइन केंद्रातून घेतला. जुलैत घाटात दरड कोसळली तर एक्स्प्रेसवे बंद पडतो, म्हणून स्वाती, इरा आणि बंड्या आदल्या दिवशीच नवी मुंबईत नातेवाइकांकडे मुक्कामाला आले. विमान रात्रीचे आणि थेट फ्रँकफर्टचे घेतले होते. तापलेल्या धावपट्टीवर पिंजरा उभा राहणे टळावे आणि मध्ये विमान बदलावे लागू नये, हे दोन्ही हेतू त्यात होते. निघण्यापूर्वी सहा तास हलके जेवण, विमानतळाबाहेर लांब फेरफटका, पिंजऱ्यात स्वातीचा वापरलेला सुती कुर्ता.

फ्रँकफर्टला चिप वाचली, कागद पाहिले, तासाभरात सोडले. तिथून निखिलबरोबर २०० किलोमीटर गाडीने. बंड्याचा सगळा खर्च दोन लाख रुपयांच्या थोडा वर गेला.

पुढचे वर्ष

पहिल्या दिवशी बंड्याने पट्ट्यावर लघवीच केली नाही. पुण्यात तो सोसायटीच्या आवारात मोकळा फिरत असे, आता प्रत्येक पाऊल दोरीला बांधलेले. दीड महिन्यात दोन किलो वजन उतरले. घरात एकटा ठेवला की भुंकायचा, आणि शेजाऱ्याची चिठ्ठी पत्रपेटीत आली. रात्री १० नंतरची आणि रविवारची शांतता तिथे गांभीर्याने पाळतात. ऑक्टोबरमध्ये कायमचे घर मिळाले. भाडेकरारात कुत्र्या-मांजरांवर सरसकट बंदी घालता येत नाही असा जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे, पण घर कुणाला द्यायचे हे घरमालकच ठरवतो, आणि निखिलला बरेच नकार पचवावे लागले. घर बदलल्यावर बंड्याचे भुंकणे पुन्हा वाढले, मग हळूहळू कमी झाले. पालिकेत नोंद झाली, श्वानकर भरला. डिसेंबरपर्यंत वजन परत आले.

फटाके मागे पुण्यात राहिले असे घरच्यांना वाटत होते. जर्मनीत वर्षाच्या शेवटच्या दिवसांत फटाके विकले जातात आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री सगळे शहर ते उडवते. स्वातीने वेळेवर विचारले, म्हणून तिथल्या डॉक्टरांकडून भीती कमी करणारे औषध आधीच घेऊन, घरी एकदा देऊन पाहून, ती रात्र खिडकी नसलेल्या न्हाणीघरात काढता आली. पिंजरा तिथेच ठेवला होता. बंड्या त्यात शिरून राहिला.

चिंगी पहिले दहा दिवस दारापाशी बसत असे. खाणे कमी झाले, पण थांबले नाही. जुलै २०२४ ला क्रिएटिनिन २.४ होते, म्हणजे आजार थोडा पुढे सरकला, पायरी तीच राहिली. जर्मनीला नेली असती तर ती अधिक चांगली असती की वाईट, हे कुणीच सांगू शकणार नाही.

वेगळे काय करता आले असते

चिप. पिल्लूपणीच बसवली असती तर आठ वर्षांच्या लसी धरल्या गेल्या असत्या आणि नुसत्या टायटरने वेळापत्रक महिनाभर आधी आले असते. परदेशाचा विचार नसला तरी हरवलेले जनावर सापडायला ती उपयोगी पडते. त्यामुळे हे मी सगळ्यांनाच सांगते.

तात्पुरत्या घराबद्दल माझे आणि स्वातीचे मत आजही वेगळे आहे. मला वाटते, ऑक्टोबरपर्यंत थांबून थेट कायमच्या घरात गेले असते तर बंड्याला एकच बदल सोसावा लागला असता. तिचे म्हणणे, आणखी तीन महिने घर दोन देशांत विभागलेले राहिले असते तर ती स्वतः टिकली नसती. तिचा मुद्दा हलका नाही. घरातले माणूस कोसळले तर कुत्र्याला सांभाळणार कोण?

चिंगी राहणार हे इराला मात्र उशिरा सांगितले गेले. मोठ्यांचे जूनमध्ये ठरले होते, तिला कळले ते जुलैत, निघायच्या दोन आठवडे आधी. तोवर तिने चिंगीसाठी पिशवीवर नाव रंगवून ठेवले होते. जर्मनीत गेल्यावर तीन महिने ती आजीशी व्हिडिओवर बोलली, पण चिंगीला बघायला नकार देत राहिली. दहा वर्षांच्या मुलीला केसपेपर समजतो. औंधचे ते चार दिवस तिलाही आठवत होते. तिला एप्रिलमध्येच चर्चेत बसवायला हवे होते. निर्णय तिच्या हातात द्यायचा नव्हता, पण कारणे तिच्यासमोर मांडायची होती.

चिंगीची रेबीजची लस मार्च २०२४ मध्ये वेळेत दिली, म्हणून तिचा टायटर ग्राह्य राहिला. आजींचा काही काळ जर्मनीला राहून यायचा विचार चालला आहे. त्या गेल्या तर चिंगी कुठे राहील, यावर घरात पुन्हा बोलणे सुरू झाले आहे, आणि या वेळी फोनवर इराही असते.